चारशे दिवसांचं सुतक

रेवती कुंभोजकरचं काम असं होतं, की जे कुणालाच कळत नाही ते सगळ्यांना कळेल असं लिहायचं. सांगलीत विश्रामबागेतल्या एका कंपनीत ती होती. मांजर उंदीर आणून टाकतं तसे तिथले इंजिनियर एकेक अवजड शब्द तिच्या टेबलावर आणून टाकायचे. मग रेवती त्यावर दोन दिवस बसायची आणि शाळेत न गेलेल्या माणसालाही पटेल असं एक पान लिहून द्यायची.

कंपनी सावल्या बनवायची. सावली म्हणजे माणसाची बोलती नक्कल. तुम्ही दहा-बारा वर्षं काय बोललात, कशावर चिडलात, आमटीत गूळ किती घालता, हे सगळं ऐकून ती घडते आणि तुमच्या वतीनं फोन घेते, अर्ज भरते, गोळ्यांची आठवण करते. घरोघरी ओट्यावर नाहीतर देवघराशेजारी तळहाताएवढी डबी असते, तिच्यातून ती बोलते आणि तिच्या एका डोळ्यातून बघते. मात्र एका माणसाची सावली एकाच जागी कधीच नसते. आपल्या डबीत, नातेवाइकांच्या डब्यांत, दाराच्या कुलपात, दवाखान्यात, सरकारी कचेरीत अशा शंभरेक ठिकाणी तिच्या प्रती असतात, आणि यातली मूळ कुठली असं विचाराल तर मूळ अशी नाहीच. पारावरच्या म्हाताऱ्यांसारख्या या प्रती दिवसभर एकमेकींशी कुजबुजत असतात. दोघींच्या सांगण्यात फरक निघाला तर नियम सोपा आहे. जिचं बोलणं ताजं ती खरी. दुसरी गुपचूप स्वतःला दुरुस्त करून घेते.

हे सगळं जिवंत माणसांचं झालं. माणूस गेला तर काय, या प्रश्नापाशी तीन वर्षांपूर्वी इरफान बारगीर नावाचा इंजिनियर तिच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "रेवतीताई, ‘टूम्बस्टोन’ समजावून द्यायचंय. हसत हसत द्या. लोक घाबरतात."

रेवतीनं हसत हसत दिलं. ते पान पुढे फार गाजलं. ते असं होतं:

"समजा, दामूअण्णा गेले. (वय झालं होतं, जिवाला लावून घेऊ नका.) आमच्याकडे कुणालाही पुसून टाकता येत नाही, कारण शंभर प्रतींपैकी नव्व्याण्णव पुसल्या आणि एक राहिली तर तीच बाकीच्यांना सांगत सुटते, ‘अहो, तुमच्याकडे दामूअण्णा कसे नाहीत? हे घ्या!’ म्हणून आम्ही दामूअण्णांना पुसत नाही, त्यांच्यावर एक पाटी ठेवतो: हे गेले. ही पाटी म्हणजे टूम्बस्टोन. दामूअण्णा खाली झाकलेले असतात. पाटीची बातमी सगळ्या भाऊबंदांना पोचेपर्यंत ती ठेवायची, आणि मगच पाटीसकट सगळं साफ करायचं. पाटी आधीच फेकली तर? भुसावळच्या चुलतभावाला कुणी कळवलेलंच नाही. तो दिवाळीला अण्णांसाठी धोतरजोडी घेऊन दारात उभा राहतो. घरच्यांना पाटी आठवत असेल तर ते त्याला बसवून, पाणी देऊन सांगतात. पण घरचेही विसरले असतील, तर त्या घरात एकट्या चुलतभावालाच अण्णांबद्दल काही ठाऊक असतं, आणि तो म्हणतो, ‘अण्णा आहेत की! पान मांडा.’ संगणक हे फार आज्ञाधारक घर आहे. तो पान मांडतो."

"झकास," इरफान म्हणाला. "फक्त शेवटी लिहा, पाटी चारशे दिवस राहते."

"चारशे? अरे, चारशे दिवसांचं सुतक कोण पाळतंय? लोकांच्या अंगावर काटा येईल. तेरा लिही. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, माणूस सुटला. आपल्या माणसांना हाच आकडा समजतो."

"ताई, एखादी डबी महिनोन्‌महिने बंद राहिली तर?"

"हल्ली डबी बंद ठेवतंय कोण?"

वरच्या साहेबांना तेरा हा आकडा इतका आवडला, की तोच कायम झाला.

पुढे दीड वर्षानं, माघात, रेवतीचा नवरा शिरीष गेला. स्वादुपिंडाचा आजार निघाला आणि सात आठवड्यांत सगळं आटोपलं. तेरा दिवस त्याच्या सावलीवर पाटी राहिली आणि चौदाव्या दिवशी पाटीसकट सगळं साफ झालं. रेवतीनं स्वतःजवळ एकच गोष्ट ठेवली. दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी तो तिच्याशी अकरा मिनिटं बोलला होता, ते तिच्या सावलीनं जपलं होतं. ती ते रोज ऐकायची असं नाही. ते आहे, एवढं तिला पुरत होतं.

त्याला जाऊन चौदा महिने झाल्यावर, चैत्रातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सव्वापाचला ती चहा ठेवत असताना ओट्यावरची डबी म्हणाली,

"रेवा, साखर संपत आलीय गं. येताना आणू का?"

आवाज शिरीषचा होता. रेवतीच्या हातातला चमचा पातेल्यात पडला. तिला पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. साखर खरोखरच संपत आली होती, आणि ते तिला आधी लक्षात यायला हवं होतं, असं तिला वाटलं.

ती बाहेरच्या खोलीत आली. भिंतीवरच्या पडद्यावर शिरीषचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार घातलेला असायचा. फोटो होता, हार नव्हता. तिनं मृत्यूचा दाखला शोधला. ‘अशी नोंद आढळत नाही.’ शेवटी तिनं ती अकरा मिनिटं उघडली. त्यातली साडेनऊच मिनिटं उरली होती. शेवटाकडून कमी होत चालली होती, आधी शेवटचे श्वास गेले होते.

"दुरुस्ती चालू आहे," इरफान फोनवर म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "ते जिवंत असल्याची नोंद ताजी आहे. मग ते गेल्याच्या जेवढ्या नोंदी, तेवढ्या चुकीच्या ठरतात. एकेक करून दुरुस्त होतायत. तुमच्या सावलीतल्यासुद्धा."

"मग ती अकरा मिनिटं दुसरीकडे काढून ठेव."

"कुठं ठेवू? आवाज साठवणारं प्रत्येक यंत्र आज आपल्याच जाळ्यात आहे. तिथंही दुरुस्ती पोचणार. ताई, आणखी चाळीस घरांतून फोन आलेत. पण तुमची प्रत नेमकी कुठून आली ते सापडलंय. कुरुंदवाडहून."

कुरुंदवाडला तिच्या सासूबाई राहायच्या, द्वारकाबाई. वय चौऱ्याऐंशी, हृदय तीस टक्के चालतं. सोबतीला शेवंता नावाची बाई. शिरीष गेल्याचं त्यांना कळवलंच नव्हतं. धक्का सोसायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. शिरीष दक्षिण ध्रुवावर यंत्रं बसवायला गेलाय आणि तिथून फोन लागत नाही, असं त्यांना सांगितलं. फोन लागत नाही एवढं तरी खरं होतं. अख्ख्या गल्लीनं तोंडाला कुलूप लावलं. आणि डबीच्या तोंडून चुकून बातमी फुटू नये म्हणून शिरीष गेला त्याच दुपारी शेवंतानं ती बंद केली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. ते करायला फोनवरून रेवतीनंच सांगितलं होतं.

भुसावळचा चुलतभाऊ तिनं स्वतःच्या हातानं तयार केला होता.

"गेल्या रविवारी आजींनी हट्टच धरला," शेवंतानं फोनवर सांगितलं. "गोळ्या कोन आठवन करनार म्हनल्या. मी लावली वैनी. लावल्याबरोबर दादा बोलले. मला घामच फुटला बगा. पर आजी हसल्या. वरसातनं पैल्यांदा हसल्या."

इरफाननं त्या रात्रीपर्यंत तीनदा नवी पाटी ठेवून पाहिली. पण ताजं बोलणं खरं, हा नियम पाटीलाही लागू होता. पाटी ठेवली की पुढच्याच क्षणाला शिरीष कुठल्या तरी डबीतून काहीतरी बोलायचा आणि पाटी शिळी व्हायची. तिसऱ्या वेळी तो रेवतीच्या ओट्यावरून म्हणाला, "कुणीतरी मला सारखं मधेच गप्प करतंय गं. काही चुकलंय का माझं?" रेवती स्वयंपाकघराचं दार लावून बाहेर उभी राहिली.

"ते स्वतःहून गप्प बसले पाहिजेत," इरफान म्हणाला. "एकदा बसले की मी पाटी ठेवतो, चारशे दिवसांची. त्या दिवसांत कुणी त्यांना हाक मारायची नाही. आणि सगळ्या डब्या चालू पाहिजेत, म्हणजे सगळ्यांना बातमी पोचेल. ते कुणाचं ऐकायचे?"

शिरीष रेवतीचं कधीच ऐकायचा नाही. तो ऐकायचा फक्त आईचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती कुरुंदवाडला निघाली. वाटेत तिनं पुन्हा ऐकलं. सात मिनिटं उरली होती. तिनं पर्समधून बिलाचा मागचा कोरा कागद काढला, आणि शिरीषची शेवटची वाक्यं, जी आता यंत्रात नव्हती आणि फक्त तिच्या डोक्यात होती, ती त्यावर लिहून ठेवली. शब्द राहिले. पण कागदाला धाप लागत नाही, आणि मधेच थांबून तो आपल्या नावानं हाकही मारत नाही. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" रेवती नाही म्हणाली आणि रडली.

घरात शिरताना तिला हसण्याचा आवाज आला. द्वारकाबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या आणि समोरच्या फळीवर डबी होती.

"…आणि मग त्या पेंग्विनांचं काय झालं?" आई विचारत होत्या.

"पेंग्विन? आई, तू काय बोलतेयस? मी सांगलीत आहे," शिरीष म्हणाला.

"बघ रेवती, याला आपण कुठं गेलो होतो तेही आठवत नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लसूण सोलायच्या थांबल्या. "चेहरा असा का गं?"

रेवतीनं डबीवर टॉवेल टाकला. टॉवेलानं काही होत नव्हतं हे तिला कळत होतं, पण तिचं बोलणं शिरीष कधीच कानावर घ्यायचा नाही, हेही. ती खाटेशी खाली बसली आणि तिनं सांगून टाकलं. आजार, सात आठवडे, माघ महिना, दवाखाना. डबी माळ्यावर का टाकली ते. आता डबीत जे बोलतंय ते काय आहे ते. दामूअण्णांच्या गोष्टीची तिला शरम वाटली, तरी तीच सांगावी लागली, कारण दुसरी सोपी गोष्ट तिच्याकडे नव्हती. शेवंता दारात तोंडाला पदर लावून उभी होती, आणि तिच्या हातात जिभेखाली ठेवायची गोळी तयार होती.

आईंनी गोळी घेतली नाही.

"किती महिने झाले म्हणालीस?"

"चौदा."

"वर्ष उलटून गेल्यावर कळलं, तर सुतक नसतं गं," त्या म्हणाल्या. "नुसती आंघोळ करायची. पोटचा पोर गेला आणि एक आंघोळ. एवढंच ठेवलंत माझ्या वाट्याला."

रेवतीला काही बोलता आलं असतं. पण मान खाली घालून तिनं ते घेतलं.

आई उठल्या, शेवंताचा हात धरून न्हाणीघरात गेल्या आणि डोक्यावरून न्हाल्या. ओल्या केसांनी परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तू म्हणतेस तसं मी त्याला गप्प करीन. माझं ऐकेल तो. पण आज नाही. मला माझे दहा दिवस दे. दहा दिवस मी त्याच्याशी बोलणार, रडणार. मग काय ती पाटी ठेवा."

रेवतीनं मनातल्या मनात हिशेब केला. सात मिनिटं उरली होती आणि दिवस दहा होते. तो बोलत राहणार आणि दुरुस्ती चालू राहणार. दहाव्या दिवशी तिच्याजवळ त्याच्या खऱ्या निरोपातलं काहीच राहणार नव्हतं. राहणार होतं ते फक्त या डबीतलं, ज्याला आपण मेलोय हे माहीत नाही.

"आई, माझ्याजवळ त्याचं एक…" तिनं सुरुवात केली. मग आईंच्या ओल्या केसांतून पाणी पाठीवर ठिबकताना तिला दिसलं. तिनं दोरीवरचा पंचा घेतला आणि त्यांचे केस पुसायला लागली. "घ्या दहा दिवस," ती म्हणाली.

असं सुतक कुठल्याही पोथीत सापडायचं नाही. सकाळी आई देवाला फूल वाहायच्या नाहीत, दिवा लावायच्या नाहीत, आणि दिवसभर गेलेल्या मुलाशी गप्पा मारायच्या. तो गोळ्यांची आठवण करायचा आणि त्या गोळी घेऊन डोळे पुसायच्या. "आई, रडतेस का?" तो विचारायचा. "कांदा चिरतेय," त्या म्हणायच्या. एवढा कांदा त्या घरात वर्षभरात चिरला गेला नव्हता. गल्लीतल्या बायका आता उघडपणे भेटायला यायच्या, आईंच्या गळ्यात पडायच्या आणि मागून शिरीष म्हणायचा, "सुमनकाकू, बसा की, चहा घ्या." दोन बायका त्यानंतर परत आल्या नाहीत. रेवती संध्याकाळी न्हाणीघरात जाऊन ऐकायची. चार मिनिटं. अडीच. सातव्या दिवशी फक्त खोलीतला पंखा ऐकू आला. आठव्या दिवशी तिच्या सावलीनं गोड आवाजात सांगितलं, "अशी नोंद आढळत नाही."

दहाव्या दिवशी दुपारी सगळे डबीसमोर बसले. इरफान सांगलीहून फोनवर होता.

"शिरीष," आईंनी हाक मारली.

"काय गं आई?"

"बाळा, तू गेलायस रे."

डबीचा दिवा तसाच राहिला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"कधी?" शिरीषनं विचारलं.

"गेल्या वर्षी. माघात."

"मला कुणी कळवलं नाही."

"मलाही नाही रे," आई म्हणाल्या.

यावर तो काही तरी विचार करत असावा, किंवा विचार केल्यासारखं गप्प राहायला तो शिरीषकडून शिकला असावा. रेवतीला तेवढ्यात वाटून गेलं, की आपण याला थांबवावं. कसाही असला तरी आवाज त्याचा आहे. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आता बोलायचं नाही हं," आई म्हणाल्या. "कुणी काही विचारलं तरी नाही. झोप."

"बरं," शिरीष म्हणाला.

"ठेवली," फोनवरून इरफान हळू म्हणाला. पाच मिनिटं गेली, मग अर्धा तास. पाटी टिकली. त्या संध्याकाळी सांगलीतल्या पडद्यावर चंदनाचा हार परत आल्याचं शेजारणीनं कळवलं. दाखलाही परत आला, कारण त्याची नक्कल सरकारी कचेरीत कागदावर होती. अकरा मिनिटं परत आली नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी आईंनी देवापुढे दिवा लावला आणि खाटेवर येऊन बसल्या. डबी फळीवर चालूच होती. चारशे दिवस ती तशीच चालू ठेवायची होती, तिच्यासमोर चुकूनसुद्धा ते नाव न घेता.

"शेवटी काय म्हणाला तो?" आईंनी विचारलं. "तू होतीस ना जवळ."

रेवतीनं पर्समधून बिलाचा कागद काढला आणि उलगडला. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ती हे कुणाला तरी सांगत होती.

"म्हणाला, ‘रेवा, आता पाणी नको.’" ती वाचू लागली. "मग म्हणाला, ‘खिडकी उघडी राहू दे.’ आणि मग, ‘तू घाबरू नकोस, मी घाबरलेलो नाही.’"

तिनं कागदाची घडी घातली. आईंनी डोळे मिटून मान हलवली.

"कागदावर चार वाक्यं आहेत," फळीवरची डबी म्हणाली. आवाज डबीचा स्वतःचा होता, कुणाचाच नसलेला. "वाचली गेली तीन. फरक आढळला आहे. दुरुस्त करू का?"

रेवतीची मूठ कागदावर घट्ट मिटली. आईंनी डोळे उघडले, डबीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि हात पुढे केला. त्या हातापुढे रेवतीचं कधीच काही चाललं नव्हतं. तिनं कागद दिला.

आईंनी तो उलगडून डोळ्यांजवळ नेला. चौथी ओळ रेवतीच्या एसटीत हललेल्या अक्षरात होती: ‘आणि आईला कळवू नकोस, तिला वाटू दे, मी आहे.’

त्यांनी ती एकदा वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, ओठ हलवत. मग कागदाची होती तशीच घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तो कनवटीला खोचला. दुसऱ्या हातानं त्यांनी रेवतीचा हात धरून ठेवला होता.

"फरक करू का दुरुस्त?" डबीनं पुन्हा विचारलं.

"तीनच आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"नोंद घेतली," डबी म्हणाली. आणि त्या क्षणापासून, जिथं जिथं म्हणून ते लिहिलेलं होतं तिथं तिथं, शिरीष कुंभोजकर मरताना तीनच वाक्यं बोलला होता.